पत्ता चुकलेला संगणक

डहाणू तालुक्यांतील रानशेत हें गांव पूर्वीं जेथें होतें तेथेंच आजहि आहे. त्याच्या शेतांनीं जागा सोडली नाहीं, कीं घरांनीं दारें फिरविलीं नाहींत. असें असूनहि 1 ऑगस्ट 2014 रोजीं त्याचा पत्ता बदलला. आदल्या दिवसापर्यंत पत्राच्या शेवटच्या ओळींत 'जिल्हा ठाणें' असें लिहिलें जाई. त्या दिवसापासून तेथें 'जिल्हा पालघर' लिहावयाचें ठरलें. ह्या टापूला अशा फाळण्या नव्या नाहींत. 1960 सालीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां शेजारच्या उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला आणि इकडे राहिलेल्या गांवांचा पुढें तलासरी तालुका झाला. नकाशावरील रेघा सरकल्या. जमीन मात्र तसूभरहि हलली नाहीं. जुन्या सवयीनें कोणी आजहि 'जिल्हा ठाणें' असें लिहिलें, तर टपालवाला तें समजून घेतो आणि पत्र रानशेतला पोंचवितो.

संगणकाजवळ हें तारतम्य नसतें. त्याच्या डिस्कवरील जागेच्या सीमा बदलल्या, एक विभाग काढून टाकला किंवा दुसरा वाढविला, कीं वाटेवरील पत्ते चुकतात. आणि चुकलेला पत्ता घेऊन यंत्र दाराशीं उभें राहतें. पडदा काळा होतो, त्यावर दोन पांढऱ्या ओळी उमटतात आणि पुढें कांहीं घडत नाहीं. घरांतील माणसें समजतात कीं सर्व गेलें. वस्तुतः अशा दहांतल्या बहुतेक प्रसंगीं आंतली माहिती जशीच्या तशी असते. गेलेला असतो तो तिच्याकडे जाणारा पत्ता.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांत येऊं लागला आहे, त्याला कारण आहे. लिनक्स ही प्रणालि फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें 1991 मध्यें प्रथम लोकांपुढें ठेवली. ती मुक्त आहे, विनामूल्य मिळते, आणि जुन्या यंत्रावरहि बऱ्या गतीनें चालते. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनेंहि डेबियन नांवाच्या लिनक्सच्या आधारें 'बॉस' ही प्रणालि तयार केली आहे. पुढें 14 ऑक्टोबर 2025 रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज 10 चा नेहमींचा आधार थांबविला. धडधाकट असूनहि ज्यांच्यावर विंडोज 11 चढत नाहीं, अशीं यंत्रें त्यामुळें एकाएकीं म्हातारीं ठरलीं. त्यांतलीं कित्येक लिनक्सच्या आश्रयास आलीं. सावध माणूस जुनें विंडोज लगेच पुसून टाकीत नाहीं. तें राहूं देऊन शेजारीं लिनक्स बसवितो. एका डिस्कवर असे दोन संसार थाटले गेले म्हणजे जागेची ओढाताण ओघानेंच आली, आणि ओढाताणींतून फाळणी.

रानशेतसारख्या गांवांतील एका घरीं असें एक यंत्र आहे अशी कल्पना करावी. मुंबईच्या नातेवाइकानें तें दिलें. त्यावर विंडोज होतें, शेजारीं लिनक्स बसविलें. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें एके दिवशीं एक रिकामा विभाग काढून टाकला आणि यंत्र बंद केलें. सकाळीं तें उठेना. अशा वेळीं शेजारचा कोणीतरी जाणकार, आणि जाणकार नाहीं असें एकहि गांव नाहीं, एका दमांत उपाय सांगतो : "फॉरमॅट मारून टाका." खरा धोका ह्या तीन शब्दांत आहे. मुंबईच्या घरीं त्या डिस्कवर लग्नाचीं छायाचित्रें असतील, वडिलांचा आवाज असेल. डहाणू-तलासरीकडील घरीं 2006 च्या वनहक्क कायद्याखालीं केलेल्या दाव्याचे कागद, ग्रामसभेच्या ठरावाच्या प्रती, कसणुकीच्या जागेचीं छायाचित्रें असतील. आणि मूळ कागद पावसानें, वाळवीनें खाल्ले असतील. नादुरुस्त यंत्रानें त्यांतलें कांहींहि नष्ट केलेलें नसतें. नष्ट होतें तें घाईच्या दुरुस्तीनें.

म्हणून प्रथम डिस्कची रचना समजून घेणें बरें. डिस्क ही एक लांबलचक जमीन समजावी. तिचे समान आकाराचे बारीक वाफे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरांत रूढ मापानें 512 बाइट मावतात. कोणत्या वाफ्यापासून कोणत्या वाफ्यापर्यंत कोणाची वहिवाट, हें एका छोट्या कोष्टकांत लिहिलेलें असतें. जुन्या पद्धतींत हें कोष्टक पहिल्याच सेक्टरांत असून त्याला अवघे 64 बाइट दिलेले आहेत. प्रत्येक विभागास 16, म्हणजे नोंदी चारच. पुढें चार विभाग पुरेनात, तेव्हां एका मोठ्या विभागाच्या पोटांत अनेक पोटविभाग करण्याची तोड निघाली. ह्या पोटविभागांची सांखळी असते; एकानें पुढल्याचा पत्ता सांगावयाचा, त्यानें त्याच्या पुढल्याचा. त्यांचे क्रमांक पांचापासून सुरू होतात. नव्या पद्धतींत, जिला जी-पी-टी म्हणतात, कोष्टकांत रूढपणें 128 नोंदींची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेवलेली असते. ह्या दुसऱ्या प्रतीचें महत्त्व पुढें येईल.

ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, विभाग 'काढून टाकणें' म्हणजे कोष्टकांतील नोंद खोडणें. तलाठ्याच्या दप्तरांतील नोंद खोडली म्हणून शेतांतील भात करपत नाहीं. तसेंच येथें.

आतां यंत्र सुरू होतें कसें तें पाहावें. कळ दाबल्यावर सर्व प्रणालि एकदम जागी होत नाहीं. चार पहारेकरी एकमेकांना हांक मारीत जातात. पहिला पहारेकरी यंत्राच्या मुख्य पाटीवरच बसविलेला असतो. त्याला डिस्कवरील फाइली वाचण्याचें ज्ञान जुन्या यंत्रांत मुळींच नसतें, नव्यांत थोडेंसें असतें. तो दुसऱ्याला हांक मारतो. दुसरा म्हणजे 'ग्रब' नांवाचा चढविणारा. विंडोज कीं लिनक्स असें विचारणारी यादी तोच दाखवितो. तिसरा लिनक्सचा गाभा व त्याच्यासोबत येणारी तात्पुरत्या सामानाची पिशवी. ह्या पिशवींत मुख्य विभाग शोधण्यापुरतीं साधनें असतात. चौथा मुख्य विभागांत पोंचल्यावर 'एफ-एस-टॅब' नांवाची यादी उघडून उरलेले सगळे विभाग आपापल्या जागीं जोडतो. प्रत्येकाच्या खिशांत पुढल्याचा पत्ता असतो, आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी असते. फाळणी झाल्यावर कोणाचा पत्ता चुकला हें ओळखलें कीं निम्मी दुरुस्ती झाली. आणि तें ओळखण्यास पडद्यावरील शेवटची ओळ पुरते. लोक ती ओळ वाचीत नाहींत ही मोठी नवलाची गोष्ट आहे. डॉक्टरला रोग्याची जीभ न दाखवितां औषध मागावें तसा हा प्रकार.

पहिल्या ठिकाणीं अडलें असल्यास यंत्र म्हणतें कीं सुरू करण्याजोगें साधनच मिळत नाहीं, किंवा मुकाट्यानें आपलें सेटिंगचें पान उघडतें. नव्या यंत्रांत ह्याचें नेहमींचें कारण असें कीं, शें-पांचशें मेगाबाइटांचा एक चिमुकला विभाग कोणीतरी निरुपयोगी समजून काढून टाकलेला असतो. विंडोजमध्यें त्याला अक्षर नसतें, आंत कोणतेंहि चित्र वा गाणें नसतें. त्यामुळें तो अडगळ वाटतो. पण ग्रबची शिडी त्यांतच ठेवलेली असते. नव्या कोष्टकाच्या डिस्कवर जुन्या रीतीनें चालणाऱ्या यंत्रांत तर केवळ एक मेगाबाइटाचा विभाग असतो, आणि त्यावांचूनहि ग्रबला पाय ठेवण्यास जागा राहत नाहीं. डिस्कवरील लहान विभागाचें काम त्याच्या आकारावरून ठरवूं नये.

दुसऱ्या ठिकाणची अडचण सर्वांत प्रसिद्ध. 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द आणि पुढें लुकलुकणारी रेघ. रानशेतच्या त्या कल्पित यंत्रावर हेंच घडलें असें धरून चालावें, कारण ह्यांतली मौज उदाहरणानेंच कळते. डिस्कवर जुन्या पद्धतीचें कोष्टक होतें. पोटविभाग तीन : पांचवा रिकामा, सहावा लिनक्सचा, सातवा अदलाबदलीचा, म्हणजे स्वॅपचा. ग्रबनें बसतांना आपल्या खिशांत लिहून ठेवलें कीं आपलें बाकीचें सामान सहाव्यांत आहे. मुलानें पांचवा काढला. सांखळींतील एक कडी निघाली, मागच्या कड्या एकेक पाऊल पुढें सरकल्या. सहावा होता तो पांचवा झाला, सातवा होता तो सहावा. ग्रब आपल्या टिपणाप्रमाणें सहाव्याच्या दारीं गेला. तेथें भेटला स्वॅप, ज्याच्यांत फाइलींची व्यवस्थाच नसते. ग्रब म्हणाला, ही व्यवस्था ओळखीची नाहीं, आणि बसून राहिला. लिनक्स शेजारच्याच दारांत होतें.

येथला उपाय पांच मिनिटांचा आहे. आज्ञा रोमन लिपींत टंकावयाच्या असतात. येथें त्या उच्चारानें दिल्या आहेत. 'एल-एस' असें लिहिलें कीं ग्रब त्याला दिसणाऱ्या सर्व विभागांचीं नांवें सांगतो. मग एकेका नांवापुढें तिरकी रेघ देऊन पुन्हां 'एल-एस' म्हणावें. ज्या विभागांत 'होम', 'ई-टी-सी', 'यूझर' अशीं नांवें दिसतील तो लिनक्सचा. नंतर 'सेट प्रीफिक्स' असें लिहून बरोबरीच्या चिन्हापुढें त्या विभागाचें नांव व 'बूट', 'ग्रब' ही वाट द्यावी. मग 'इन्समॉड नॉर्मल', आणि शेवटीं नुसतें 'नॉर्मल'. ओळखीची यादी पुन्हां पडद्यावर येते. ह्या सर्व खटाटोपांत डिस्कवर एक अक्षरहि लिहिलें गेलेलें नसतें, हा ह्या उपायाचा मोठा गुण. चूक झाली तर यंत्र बंद करून पुन्हां आरंभ करावा. मात्र ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच. लिनक्स सुरू होतांच ग्रब पुन्हां बसविला नाहीं तर दुसऱ्या दिवशीं तीच काळी पाटी पुढें येईल.

जी-पी-टी पद्धतींत क्रमांक असे सरकत नाहींत. पांचवा काढला तरी सहावा सहावाच राहतो. त्या यंत्रांत अडचण बहुधा दुसरी असते. चिमुकल्या विभागांतील ग्रबजवळ मुख्य विभागाचा दीर्घ ओळख-क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो विभाग फॉरमॅट केला गेल्यामुळें क्रमांक बदललेला असतो. तेव्हां 'रेस्क्यू' हा शब्द न येतां नुसतें 'ग्रब' असें येतें.

ह्या दीर्घ ओळख-क्रमांकाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण पुढील दोन्ही ठिकाणांचा जीव त्यांत आहे. त्याला यू-यू-आय-डी म्हणतात. तो 128 बिटांचा असून 32 अंकाक्षरांत लिहितात. घराचा क्रमांक गल्लींतील क्रमावरून पडतो आणि क्रम बदलला कीं बदलतो. हा ओळख-क्रमांक माणसाच्या अंगावरील जन्मखुणेसारखा आहे. तो कोष्टकांतील जागेचा नसून विभागाच्या आंत बसविलेल्या फाइल-व्यवस्थेचा असतो. म्हणून शेजारचा विभाग काढला, क्रमांक सरकले, तरी तो तसाच राहतो. आणि विभाग फॉरमॅट केला कीं क्षणांत नवा होतो. स्वॅपचा विभाग मोडून पुन्हां केला तरी त्याचा ओळख-क्रमांक नवा होतो, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मग यंत्र उठतांना जुन्या स्वॅपची वाट पाहत उगीच खोळंबतें आणि धनी म्हणतो, यंत्र मंदावलें.

तिसऱ्या ठिकाणीं अडलेल्या यंत्रावर लिनक्सचा गाभा सुरू झालेला असतो, पण त्याला मुख्य विभाग सांपडत नाहीं. अमुक ओळख-क्रमांक अस्तित्वांत नाहीं असें सांगून तो 'इनिट-रॅम-एफ-एस' अशा नांवाची एक ओळ पुढें करतो. पत्ता ग्रबच्या यादींतील जुना आहे एवढाच ह्याचा अर्थ. चौथें ठिकाण त्याहून सौम्य. यंत्र जवळजवळ सुरू होतें, मग दीड मिनिट एका विभागाची वाट पाहतें आणि अखेर 'इमर्जन्सी मोड' असे भयंकर शब्द दाखवितें. शब्दांवर जाऊं नये. एफ-एस-टॅब ह्या यादींत एखाद्या नाहींशा झालेल्या विभागाची ओळ राहून गेली आहे, इतकीच ती आणीबाणी.

रानशेतच्या यंत्रावर हें ठिकाण ठरलेलेंच आहे. मुलानें काढलेला पांचवा विभाग रिकामा होता खरा, पण लिनक्सच्या यादींत त्याची ओळ होती. ग्रबची अडचण दूर होतांच यंत्र हुरूपानें निघेल, आणि दीड मिनिटानें पुन्हां थांबेल. ह्या क्षणीं माणसें धीर सोडतात. एक दुरुस्ती केली आणि दुसरेंच बिघडलें, असें त्यांस वाटतें. खरें पाहतां यंत्र दोन चौक्या ओलांडून पुढें आलेलें असतें, आणि आतां एका मजकुराच्या फाइलींतील एका ओळीच्या आरंभीं '#' हें चिन्ह घालण्याएवढेंच काम उरलेलें असतें. कित्येक लिनक्सांत मुख्य अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द ठेवलेलाच नसतो. तेथें आणीबाणीच्या पानावरून आंत जातां येत नाहीं. अशा वेळीं बाहेरून दुरुस्ती करावी लागते. ज्या विभागावांचून यंत्र चालूं शकतें, त्याच्या ओळींत 'नोफेल' हा शब्द आधींच घातलेला असला तर हा प्रसंगच येत नाहीं.

बाहेरून दुरुस्ती म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणें. आठ गिगाबाइटांचा साधा पेन ड्राइव्ह त्यास पुरतो. त्यावरील लिनक्स स्मृतींत चालतें. सांगितल्यावांचून डिस्कला हात लावीत नाहीं. सुरू झाल्यावर पहिल्या पडद्यावरच दोन पर्याय येतात : वापरून पाहा, किंवा बसवा. येथें 'बसवा' ह्यावर बोट पडलें तर आतांपर्यंतचें सर्व विवेचन फुकट. 'वापरून पाहा' म्हणावें, आणि 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा 'वजा एफ' जोडून द्यावी. डिस्कवरील सर्व विभाग, आंतील व्यवस्था आणि ओळख-क्रमांक एका कोष्टकांत दिसतात. त्याचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, किंवा बरें म्हणजे कागदावर उतरून घ्यावें. मग महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्याव्या. दुरुस्ती त्यानंतर.

दुरुस्तीचा क्रम असा. लिनक्सचा मुख्य विभाग एका रिकाम्या फोल्डरवर जोडावा. नवें यंत्र असल्यास तो चिमुकला विभागहि त्याच्या आंत 'बूट', 'ई-एफ-आय' ह्या वाटेवर जोडावा. 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' हीं तीन चालू फोल्डरें आंत बांधून घ्यावीं. आणि 'सी-एच-रूट' ह्या आज्ञेनें आंत शिरावें. ह्या आज्ञेनें पेन ड्राइव्हवरील लिनक्स क्षणभर परकाया-प्रवेश करतें आणि अडलेलें लिनक्सच आज्ञा देत असल्यासारखें होतें. आंत गेल्यावर आधीं एफ-एस-टॅबमधील ओळख-क्रमांक कागदावरील क्रमांकांशीं ताडून पाहावे व दुरुस्त करावे. मग 'ग्रब इन्स्टॉल', 'अपडेट ग्रब', आणि डेबियन, उबंटू किंवा बॉस असल्यास 'अपडेट इनिट-रॅम-एफ-एस वजा यू'. एक सावधगिरी मात्र हवी. डिस्कचीं 'एस-डी-ए', 'एस-डी-बी' हीं नांवें पेन ड्राइव्ह लावल्यावर आपसांत बदलूं शकतात. ग्रब पेन ड्राइव्हवर बसवून डिस्क कां उठत नाहीं म्हणून डोकें खाजविणारे कांहीं थोडे नाहींत. आकार पाहूनच नांव ओळखावें.

हें झालें पत्ता चुकल्याचें. कोष्टकच पुसलें गेलें तर काय, हा प्रश्न राहतो. त्याचीहि वाट आहे. चूक ध्यानांत आली त्या वेळीं यंत्र अजून चालू असेल तर तें बंद करूं नये. जे विभाग वापरांत असतात त्यांच्या सीमा लिनक्सच्या गाभ्यानें स्मृतींत धरून ठेवलेल्या असतात, आणि 'सिस' फोल्डरांतील 'ब्लॉक' ह्या शाखेंत प्रत्येक विभागाचा आरंभ व लांबी आंकड्यांत वाचतां येते. ते आंकडे उतरून घेऊन तंतोतंत त्याच सेक्टरपासून नोंद पुन्हां केली कीं विभाग परत येतो. नोंद करावी, फॉरमॅट करूं नये. ह्या दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. जी-पी-टी असल्यास 'जी-डिस्क' हें साधन डिस्कच्या शेवटीं असलेल्या प्रतीवरून मूळ कोष्टक उभें करतें. दोन्ही नसेल तर 'टेस्ट-डिस्क' नांवाचें मुक्त साधन आहे. तें जमिनीवरून चालत जाऊन जुन्या बांधांच्या खुणा शोधावें त्याप्रमाणें सेक्टर तपासतें. लिनक्सच्या नेहमींच्या फाइल-व्यवस्थेच्या आरंभाजवळ एक ठराविक चिन्ह असतें, त्यावरून हरवलेल्या सीमा पुष्कळदां जशाच्या तशा सांपडतात.

तरीहि कांहीं प्रसंगीं माहिती खरोखर जाते, आणि ते प्रसंग लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. विभाग उजवीकडे वाढविणें सोपें असतें, कारण केवळ शेवटची सीमा सरकते. डावीकडे वाढवावयाचा तर आरंभ बदलतो, आणि आंतील सर्व माहिती उचलून नव्या जागीं मांडावी लागते. ह्या कामास तास-तास लागतात. मध्येंच वीज गेली तर अर्धा संसार इकडे, अर्धा तिकडे, आणि सीमारेषा नेमकी कोठें हें कोणासच ठाऊक नाहीं, अशी अवस्था होते. डहाणूस 500 मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र असलें तरी त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठीं. पावसाळ्याच्या वाऱ्यांत गांवच्या तारा टिकतील असा भरंवसा धरूं नये. असें काम बॅटरी शाबूत असलेल्या लॅपटॉपवर किंवा यू-पी-एस लावूनच करावें. विभाग लहान करतांना आधीं आंतील फाइल-व्यवस्था आंखडावी, मग सीमा. मोठा करतांना आधीं सीमा, मग व्यवस्था. क्रम उलटला तर फाइलींचीं शेपटें कुंपणाबाहेर राहतात, आणि त्या जागेंत दुसरा विभाग केला कीं तीं तुडविलीं जातात.

दुसरा प्रसंग एस-एस-डी प्रकारच्या डिस्कचा. जुन्या फिरत्या डिस्कवर चुकून फॉरमॅट झालें तरी पुष्कळ माहिती मागें राही. एस-एस-डीवर लिनक्सची नेहमींची फॉरमॅट करणारी आज्ञा जागा मोकळी झाल्याचें डिस्कलाच कळविते, आणि डिस्क ती जागा आपल्या सवडीनें साफ करून टाकते. मग टेस्ट-डिस्कला बांधाच्या खुणाहि मिळत नाहींत. तिसरा प्रसंग कुलूपबंद विभागाचा. गुप्ततेसाठीं ज्या विभागाला लुक्स पद्धतीचें कुलूप लावलेलें असतें, त्याच्या किल्लीचें सामान विभागाच्या आरंभीं कांहीं मेगाबाइटांत ठेवलेलें असतें. तेवढेंच पुसलें गेलें, तर परवलीचा शब्द तोंडपाठ असूनहि आंतील एक अक्षर वाचतां येत नाहीं. त्याची प्रत निराळी काढून ठेवणें एवढाच त्यावर उपाय, आणि तो आधीं करावयाचा. विंडोजच्या बाबतींत आणखी एक बारीक गोष्ट आहे. तें बंद केलेलें दिसतें तेव्हां पुष्कळदां पुरतें बंद नसतें, अर्धवट झोंपलेलें असतें. त्याच्या विभागाची सीमा सरकविण्यापूर्वीं विंडोजमध्यें जाऊन ही जलद सुरू होण्याची सोय काढून यंत्र पूर्ण बंद करावें.

डिस्कच मरूं लागली असेल, वाचतांना अडखळत असेल, कटकट असा आवाज देत असेल, तर वरील कोणतीहि दुरुस्ती तिच्यावर करूं नये. 'डी-डी-रेस्क्यू' ह्या साधनानें तिची सेक्टर-सेक्टर प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि जे प्रयोग करावयाचे ते प्रतीवर करावे.

रानशेतचें यंत्र ग्रबच्या पांच ओळींनीं आणि यादींतील एका चिन्हानें उठलें असें धरलें, तरी मुलाचें काम तेवढ्यानें संपत नाहीं. ग्रब कायमचा बसवून यंत्र दोनदां बंद-चालू करून पाहावयाचें. विंडोजहि यादींतून सुरू होतें कीं नाहीं तें तपासावयाचें. त्यानंतर 'एस-एफ-डिस्क वजा डी' ही आज्ञा द्यावयाची. ती विभागांचें सगळें कोष्टक, आरंभ आणि लांबी यांसह, साध्या मजकुरांत लिहून देते. आठ-दहा ओळींचा तो मजकूर असतो, आणि पुढें कधीं कोष्टक पुसलें गेलें तर हीच ओळींची चिठ्ठी त्याच साधनाला परत वाचावयास दिली कीं सीमा पूर्ववत् होतात. ती त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाहीं. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि एक छापून, तारीख घालून, सातबाऱ्याचे उतारे ज्या पत्र्याच्या पेटींत असतात तींत टाकावी.